शालेय कर्मचाऱ्यांची वेतननिश्चिती आणि पूर्वसेवा

शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या हाती पहिला पगार पडला की त्याच्या मनात बहुधा एक प्रश्न उभा राहतो. आठ-दहा वर्षे अन्यत्र खडू झिजवूनही आपले मूळ वेतन कालच पदवी घेऊन आलेल्या उमेदवाराइतकेच कसे? कधी उलटही घडते. शेजारच्या वर्गावर आलेल्या नव्या शिक्षिकेचे वेतन जुन्यांहून अधिक ठरते आणि शिक्षकांच्या खोलीत कुजबुज सुरू होते. या दोन्ही गोष्टींचे मूळ बहुतेक वेळा एकाच नियमात असते.

अनुभव आणि सेवा हे शब्द बोलण्यात एकाच अर्थाने येतात. वेतननिश्चितीच्या कामी मात्र त्यांत मोठे अंतर आहे. अनुभव पाहिला जातो तो पदासाठीची पात्रता ठरविताना. वेतनासाठी पाहिली जाते ती पूर्वसेवा, म्हणजे मंजूर पदावर, नियमित वेतनश्रेणीत, रीतसर नेमणुकीने केलेली नोकरी. तासिका तत्त्वावर किंवा ठरावीक मानधनावर केलेले अध्यापन कितीही चोख असले तरी त्याला वेतनश्रेणीच नसल्यामुळे पुढे नेण्यासारखा टप्पा उरत नाही. खासगी शिकवणी वर्गातील कामाचेही तेच. उमेदवाराला हे कटू वाटेल, म्हणूनच ते नेमणुकीपूर्वी स्पष्ट सांगितलेले बरे.

गोव्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या वेतननिश्चितीस केंद्राचे मूलभूत नियम लागू आहेत. त्यांतील २२ वा नियम हा या विषयाचा कणा होय. मान्यताप्राप्त शाळांतील सेवाशर्तींसाठी १९८४ चा गोवा, दमण व दीव शालेय शिक्षण कायदा आणि त्याखालील १९८६ चे नियम आहेत. अनुदानित शाळांचे पगार सरकारी अनुदानातून होत असल्याने तेथील प्रकरणे व्यवस्थापनाकडून शिक्षण संचालनालयाकडे जातात.

सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यातील आकडे घेतल्यास हिशेब लवकर उमगेल. समजा, सहाव्या स्तरावरील एका शिक्षिकेचे मूळ वेतन ४१,१०० रुपये झाले आहे. त्याच स्तरावरील, तेवढ्याच जबाबदारीच्या दुसऱ्या पदावर तिची निवड झाली. पूर्वसेवा मान्य झाल्यास ती ४१,१०० वरच सुरुवात करील. न झाल्यास ३५,४०० वर. दरमहा ५,७०० रुपयांचा हा फरक केवळ मूळ वेतनातला आहे. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि पुढील प्रत्येक वार्षिक वाढ याच आकड्यावर चढत जाते.

अधिक जबाबदारीच्या पदावर बढती मिळाल्यास रीत निराळी. जुन्या स्तरात आधी एक वेतनवाढ धरतात आणि येणाऱ्या रकमेइतका, तो नसल्यास लगतचा वरचा, टप्पा नव्या स्तरात पाहतात. वरील शिक्षिकेचे ४१,१०० चे ४२,३०० होतात. पण सातव्या स्तराचा आरंभच ४४,९०० असल्याने तिला तोच टप्पा मिळतो, आणि थेट भरतीने आलेल्या नवख्यालाही तोच! तिची वर्षे बुडालेली नसतात, तरी तसे वाटणे स्वाभाविक आहे. ज्याचे मूळ वेतन ४६,२०० होते तो मात्र ४७,६०० वर जातो.

प्रकरणे खरी अडतात ती कागदांपाशी. नव्या पदासाठीचा अर्ज पूर्वपरवानगीने आणि योग्य मार्गाने गेलेला असावा लागतो. पुष्कळ जण निवड झाल्यावर घाईघाईने ‘घरगुती कारणास्तव’ राजीनामा देतात आणि तेथेच मागची सेवा तुटते. राजीनाम्यात नव्या पदावर रुजू होण्याचे कारण लिहावे. कार्यमुक्तीचा आदेश, अंतिम वेतन प्रमाणपत्र आणि सेवापुस्तिकेतील नोंदी यांच्या तारखा परस्परांशी जुळतात की नाही, हे जुन्या शाळेचे मुख्याध्यापक हाताशी असतानाच तपासून घ्यावे. शाळा बंद पडल्यावर किंवा व्यवस्थापन बदलल्यावर एक सही मिळविण्यासाठी वर्षे जातात.

शिपाई वा कारकून म्हणून येणाऱ्या माजी सैनिकांचा विचार पुनर्नियुक्त निवृत्तिवेतनधारकांविषयीच्या १९८६ च्या केंद्रीय आदेशांनुसार निराळा होतो.

वेतन राखले गेले म्हणजे ज्येष्ठताही मिळाली, असे मात्र नव्हे. वेतनाने वरचढ असलेली नवी शिक्षिका ज्येष्ठता यादीत कनिष्ठच राहू शकते. शाळाशाळांतील निम्मे गैरसमज येथूनच निघतात. चुकीच्या निश्चितीने जादा गेलेल्या रकमेच्या वसुलीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, विशेषतः तृतीय व चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी आणि निवृत्त यांच्या बाबतीत, मर्यादा घातल्या आहेत. तरीही चुकीचा टप्पा पुढे चालू राहत नाही.

बढतीच्या वेळी वेतन बढतीच्या तारखेपासून ठरवावे की पुढील वेतनवाढीच्या तारखेपासून, हा विकल्प कर्मचाऱ्याने एका महिन्याच्या आत लेखी द्यावयाचा असतो. कार्यालयाने त्याची पोच देऊन सेवापुस्तिकेत नोंद करावी.