घरातली हवा : आपले समज आणि खरी परिस्थिती

हिवाळ्यात मुंबई-पुण्याच्या हवेचे आकडे बातम्यांत यायला लागले की घरोघरी खिडक्या लागतात. बाहेरची हवा वाईट आणि घरातली चांगली, हे आपण धरूनच चालतो. प्रत्यक्षात बाहेरची हवा दारा-खिडक्यांच्या फटींतून आत येतेच, आणि तिच्यात घरात निघणाऱ्या धुराची, तळणाच्या वाफेची, कीटकनाशकांची भर पडते. सगळं बंद असेल तर ही भर तिथेच साचते. यातले सर्वांत घातक कण अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक असतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्शाएवढे. ते नाकात, घशात अडकत नाहीत, थेट फुप्फुसांच्या तळाशी पोचतात. वर्षाच्या सरासरीत हे कण घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या वर नसावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची शिफारस आहे आणि ती घरातल्या हवेलाही लागू आहे.

‘मी आयुष्यात विडी-सिगरेटला हात लावला नाही, मला कसला फुप्फुसांचा आजार?’ हे वाक्य आपल्याकडे बायकांच्या तोंडी फार येतं. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याच प्रश्नावर लिहिलं. जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०० कोटी आणि लाकूड-गोवऱ्यांचा धूर रोज छातीत घेणारे सुमारे ३०० कोटी, असा हिशेब त्यांनी मांडला. श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा सीओपीडी हा आजार केवळ ओढणाऱ्यांचा नाही, हे त्यातून स्पष्ट झालं. त्याआधी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ या अमेरिकी संशोधकाने गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो ते मोजलं होतं. स्वयंपाकघरातली उघडी चूल म्हणजे तासाला ४०० सिगरेटी जळण्यासारखं आहे, असं ते सांगत. गावाकडे आजही सिलिंडर जपून वापरायचा म्हणून अंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवर होते. निदान ती चूल पडवीत किंवा परसात हलवली आणि लहान मुलाला तिच्याजवळ बसवलं नाही, तरी पुष्कळ फरक पडतो.

गॅस चुलीपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे, यात वाद नाही. पण गॅस आला म्हणजे धूर संपला, असं मात्र होत नाही. ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि तापलेल्या तेलाचा धूर वेगळाच. मिरचीच्या फोडणीने ठसका लागतो म्हणून आपण तिलाच दोष देतो. पुऱ्या किंवा मासे तळताना मात्र ठसका लागत नाही, म्हणून तासभर त्याच हवेत उभे राहतो. फार कडक तापलेल्या तेलात तळताना निघणारा धूर कर्करोगाला बहुधा कारणीभूत होणाऱ्या गोष्टींच्या यादीत आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने घातलेला आहे. तेलातून धूर निघू लागला की आच कमी करा. एक्झॉस्ट फॅन कढई ठेवण्याआधी लावा आणि स्वयंपाक झाल्यावरही थोडा वेळ चालू ठेवा. चिमणी घेताना तिचा पाइप घराबाहेर जातो का, हे आधी विचारा. पाइप नसलेली चिमणी तेलाचा चिकटपणा अडवते आणि गाळलेली हवा पुन्हा स्वयंपाकघरातच सोडते.

आता सगळ्यांत नाजूक विषय. सुवासिक किंवा औषधी धूर हवा शुद्ध करतो, हा समज आपल्या मनात खोलवर रुजलेला आहे. फुप्फुसांना धुराचा वास कळत नाही. एक ग्रॅम सिगरेट जळताना सुमारे १० मिलिग्रॅम बारीक कण निघतात, तर एक ग्रॅम उदबत्ती जळताना ४५ मिलिग्रॅमच्या वर. कापूर पेटवल्यावर आरतीच्या ताटाला धरणारी काजळी तुम्ही रोज पुसता, तीच हवेतही असते. देवापुढे उदबत्ती लावू नका, असं मी म्हणत नाही. एक लावा, खिडकी उघडी ठेवा, दम्याचं माणूस घरात असेल तर त्या खोलीत लावू नका. सुगंधच हवा असेल तर वाटीभर मोगरा किंवा सोनचाफा पुरेसा आहे.

डासांच्या कॉइलचं मात्र मी जराही समर्थन करणार नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियातल्या कॉइल तपासल्या होत्या. एक कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगरेटींइतके बारीक कण बाहेर पडले. ही कॉइल आपण झोपायच्या खोलीत, दारं लावून, मुलाच्या पलंगाखाली लावतो. प्लगमध्ये लावायच्या द्रवाला धूर नसतो, तरी रात्रभर हवेत पसरणारं ते कीटकनाशकच आहे. मच्छरदाणी आणि खिडकीची जाळी यांतून काहीच निघत नाही.

आणि बाळाची धुरी. निखाऱ्यांवर वावडिंग, बाळंतशेपा, ओवा टाकून बाळाला शेकणं मायेनेच होतं, ते मला ठाऊक आहे. पण नवजात बाळ मिनिटाला ४० ते ६० श्वास घेतं, म्हणजे मोठ्या माणसाच्या दुपटी-तिपटीहून जास्त. बंद खोलीतला धूर त्याच्या तेवढ्याच नाजूक फुप्फुसांत जातो. बाळाला ऊब द्यायला कोरडं दुपटं आणि आईची कूस पुरते. बाळंतिणीच्या खाटेखालची शेगडीही बंद खोलीत नकोच.

झाडांबद्दल थोडक्यात. १९८९ मध्ये नासाने बंद पेट्यांत झाडं ठेवून प्रयोग केले आणि ‘मनी प्लांट हवा शुद्ध करतो’ ही समजूत तिथून पसरली. घर ही बंद पेटी नसते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी जुने प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला एका चौरस मीटरमागे १० ते १००० झाडं लागतील असं दिसलं. दहा बाय बाराच्या खोलीत कमीत कमी शंभरावर कुंड्या! झाडं हौसेने लावा, हवेसाठी नको. प्युरिफायर घेतलात तर हेपा फिल्टर असलेला घ्या. तो कण धरतो, वायू आणि ओल नाही. ओझोन सोडणारं यंत्र घरात आणूच नका, तो वायू स्वतःच फुप्फुसांना जाळतो.

एसी लावला की ताजी हवा येते, हाही गैरसमज. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून फिरवतो. त्यामुळे सकाळी डोकं जड होतं. खिडक्या उघडायच्याच, फक्त वेळ पाहून. हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत साचते, धूर वर जात नाही. दुपारी ती मोकळी होते. पावसाळ्यात मात्र कोकण-मुंबईत प्रश्न ओलीचा. भिंतीवरच्या काळ्या डागांवर रंग फासून बुरशी मरत नाही, पाणी कुठून झिरपतं ते बुजवावं लागतं. संडास धुताना ब्लीच आणि ॲसिड एकत्र कधीही टाकू नका, त्यातून विषारी क्लोरीन निघतो.

शेवटचा समज जिवावर बेततो : ‘गॅस गळला तर वास येईलच.’ वास येतो तो सिलिंडरमध्ये मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमुळे प्राणवायू कमी पडला की तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग माणूस कडी उघडण्याआधीच कोसळतो. तुमच्या घरातला गॅस गिझर न्हाणीघरात असेल तर तो या आठवड्यातच बाहेर काढून घ्या. तोवर पाणी आधी बादलीत भरा, गिझर बंद करा आणि मगच अंघोळीला जा.