कॅन्सर बरा झाल्यावरचा चेहरा

कॅन्सरमधून माणूस वाचला की घरदार देवाला हात जोडते आणि प्रश्न मिटला असे समजते. आम्ही जन्मभर कामगारांत वावरलो; आम्हांस खरा प्रश्न तेथून पुढे दिसतो. पोटावरचा व्रण सदऱ्याखाली झाकतो. गालाचा, नाकाचा, डोळ्याचा कोठे झाकावा?

वरचा जबडा काढला तर टाळूला भोक राहते. प्यालेले पाणी नाकावाटे येते, बोलणे कोणास कळत नाही. दंतवैद्य हे भोक बुजवणारी कवळी करून देतात. ती बसली की तोच माणूस नागलीची आंबील नीट गिळतो आणि मुलास नावाने हाक मारतो. किरणांच्या उपचाराने थुंकी आटते, जबडा आखडतो, म्हणून तोंड उघडण्याचा व्यायाम रोज करावा लागतो. हे घरी परतण्यापूर्वीच शिकून घ्यावे. सुरगाण्याहून पुन्हा नाशिक गाठायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते.

डोळा गेला तर अंतराचा अंदाज जातो. पेल्यात ओतलेले पाणी बाहेर सांडते, आवणीच्या वेळी बांधावरून पाय चुकतो. काही महिन्यांत मान वळवून पाहण्याची सवय लागते व अंदाज पुष्कळसा परततो. पापणीसह डोळा काढला असेल तर सिलिकॉनचा, कातडीच्या रंगाचा भाग चष्म्याला जोडून मिळतो. तो पाहत नाही, मिटतही नाही, पण एस.टी.त शेजारचा माणूस उठून जात नाही. याला कोणी नखरा म्हणू नये.

आता कायदा पाहा. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात चेहऱ्याची अतिगंभीर विद्रूपता म्हणजे कमाईच्या शक्तीची 100 टक्के हानी, असे धरले होते. चेहरा हे पोट भरण्याचे साधन आहे, हे सरकारनेच मान्य केले! पण ते कामावरील अपघातापुरते. 2016 च्या दिव्यांग कायद्यातील 21 प्रकारांत ॲसिडहल्ल्याचे बळी आहेत. कॅन्सरने विद्रूप झालेला चेहरा त्या नावाने नाही. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला, तर 2018 च्या मोजणीप्रमाणे 30 टक्के. बहुतेक सवलती 40 पासून.

सुरगाण्याचा मजूर दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामावर जातो. तेथे मुकादम टक्के विचारत नाही, तोंड पाहतो. हा रोग एका ताटात जेवल्याने लागत नाही, हे त्याला कोणीतरी टोळीसमोरच सांगावे लागते. आमच्या मते ते काम युनियनचे आहे.