जेट इंजिनाची दुरुस्ती : सोलापूरच्या फिटरसाठी एक वेगळी वाट

सोलापूर म्हटले की चादर, टॉवेल आणि यंत्रमागाचा खडखडाट आठवतो. माग अडला की धावत येणारा जॉबर या शहराला नवा नाही. नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणारे हात येथे पुष्कळ आहेत. परंतु आय.टी.आय. झालेल्या मुलाला मागाचा कारखाना, गॅरेज किंवा पुण्यातील कंपनी यापलीकडची वाट क्वचितच कोणी दाखवितो. म्हणून आज आम्ही लढाऊ विमानांच्या इंजिनदुरुस्तीची माहिती देत आहोत.

नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आणि हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो आहे. लढाऊ जेट इंजिने बनविण्याचे व ओव्हरहॉल करण्याचे मोठे काम याच कंपनीच्या ओडिशातील कोरापुट कारखान्यात चालते. सुखोई-३० विमानांसाठी २४० इंजिने पुरविण्याचा २६ हजार कोटी रुपयांहून मोठा करार सप्टेंबर २०२४ मध्ये झाला. वर्षाला ३० याप्रमाणे ती आठ वर्षांत द्यावयाची आहेत. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाले, तरी हे काम संपलेले नाही.

इंजिनाचे ठरावीक तास भरले की ते पूर्ण उघडतात. सुटे भाग धुऊन त्यांवर चमकणारा द्रव लावतात आणि खास दिव्याखाली केसाएवढी चीर शोधतात. सुखोईच्या इंजिनात टर्बाइनच्या पात्यांवर येणारा वायू सुमारे १४०० अंश सेल्सिअस तापलेला असतो. तेथे लहानशी चीरही घातक ठरते. फिरणाऱ्या भागांचा तोल साधणे, बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणे, ते सैल होऊ नयेत म्हणून तारेने बांधणे आणि शेवटी चाचणी-बाकावर इंजिन चालवून पाहणे, असा हा क्रम आहे.

मागावर पत्र्याचा तुकडा घालून वेळ मारून नेता येते. येथे जुगाडाला जागा नाही. पुस्तकात लिहिले तेच करावे लागते आणि प्रत्येक कामाखाली सही करावी लागते. संध्याकाळी एक पाना कमी भरला, तर तो सापडेपर्यंत इंजिन पुढे जात नाही. वैमानिकाचा जीव ही कारागिराच्या हातातील अमानत आहे. त्यामुळे हुन्नराइतकीच सचोटी येथे मोलाची ठरते.

या कामाकडे जाण्याच्या दोन वाटा आहेत. फिटर, टर्नर, मशिनिस्ट अशा ट्रेडच्या आय.टी.आय. मुलांना हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये अप्रेंटिसशिप मिळू शकते. मात्र ती संपल्यावर नोकरीची हमी नसते. दुसरी वाट हवाई दलाची. २०२२ पासून तेथे अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी भरती होते आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होतात. विज्ञान शाखेतून जाणाऱ्यास बारावीला गणित, भौतिकशास्त्र व इंग्रजी हवे. तीन वर्षांचा अभियांत्रिकी डिप्लोमाही चालतो. इंजिनाचेच काम मिळेल, असे मात्र आधी सांगता येत नाही.

आमची पालकांना एकच विनंती आहे. मुलगा दहावी झाला की लगेच मागावर उभा करू नका. भरतीचे वय निघून गेले की परत येत नाही. गणित आणि इंग्रजी सुटू देऊ नका. इंजिनाची पुस्तके इंग्रजीत असतात.