मॅराथॉन शर्यत : अखेरच्या दिवसांतील पूर्वतयारी

मॅराथॉन शर्यत : अखेरच्या दिवसांतील पूर्वतयारी. मॅराथॉन या ४२·१९५ किमी. अंतराच्या धावशर्यतीपूर्वी सरावाचे प्रमाण क्रमाने घटविणे, स्नायूंतील ऊर्जासाठा भरून घेणे आणि निद्रा, प्रवास, पेये व साहित्य यांची आखणी करणे, यांचा या पूर्वतयारीत समावेश होतो. हा काळ साधारणपणे दोन आठवड्यांचा मानला जातो व त्यांतील शेवटचे तीन दिवस विशेष महत्त्वाचे असतात. या काळात धावपटूची क्षमता वाढत नाही. कठोर सरावाला शरीर देत असलेला अनुकूल प्रतिसाद प्रकट होण्यास दहा-बारा दिवस लागतात. त्यामुळे शेवटच्या आठवड्यातील कष्टांचा लाभ शर्यतीत मिळत नाही, शिणवटा तेवढा मिळतो. चार-सहा महिन्यांत कमावलेली क्षमता शर्यतीच्या सकाळपर्यंत शाबूत नेणे, एवढेच या दिवसांत साधावयाचे असते. ती गमावणे मात्र सहज शक्य असते आणि नवशिके धावपटू ती बहुधा याच आठवड्यात गमावतात.

पहिली ऑलिंपिक मॅराथॉन शर्यत १८९६ मध्ये ॲथेन्स येथील पहिल्या आधुनिक ऑलिंपिक क्रीडासामन्यांत झाली व ती स्पिरिडॉन लुईस या ग्रीक धावपटूने जिंकली. आजचे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम धावले गेले आणि १९२१ मध्ये ते प्रमाण म्हणून ठरविण्यात आले. महाराष्ट्रात अलीकडे गावोगावी भरणाऱ्या पाच किंवा दहा किमी.च्या शर्यतींनाही सर्रास ‘मॅराथॉन’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तो केवळ शब्दाचा सैल वापर म्हणून सोडून देता येत नाही. कारण दहा किमी.साठी पुरेशी ठरणारी तयारी ४२ किमी.साठी अपुरी असते आणि नाव एकच असल्यामुळे तरुण धावपटूंचा गैरसमज होतो.

महाराष्ट्रात या शर्यतीची परंपरा जुनी आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत १९१९ मध्ये अनवाणी धावणाऱ्या शेतकरी तरुणांच्या धावण्याने सर दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि त्यांच्या पुढाकाराने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठविण्यात आले. त्यांपैकी बेळगावच्या फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी मॅराथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण करून १९ वा क्रमांक मिळविला. पुणे आंतरराष्ट्रीय मॅराथॉन १९८३ मध्ये व मुंबई मॅराथॉन २००४ मध्ये सुरू झाली. साताऱ्याची यवतेश्वर घाटातील अर्धमॅराथॉनही (२०१२ पासून) राज्यभरातील धावपटूंना परिचित आहे.

सराव घटविणे : या विषयावरील अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. शर्यतीपूर्वीच्या दोन आठवड्यांत धावण्याचे एकूण अंतर ४० ते ६० टक्क्यांनी कमी करावे, मात्र वेग व आठवड्यातील सरावाचे दिवस यांत फारशी कपात करू नये, असा त्याचा निष्कर्ष होता. आठवड्याला ८० किमी. धावणाऱ्याने शर्यतीच्या अगोदरच्या आठवड्यात सु. ५० किमी. व शर्यतीच्या आठवड्यात (शर्यत वगळून) २० ते २५ किमी. धावणे पुरेसे असते. मंगळवारी सात-आठ किमी., त्यांपैकी दोन-तीन किमी. शर्यतीच्या नियोजित वेगाने. गुरुवारी चार-पाच किमी.; शनिवारी वीस मिनिटे सावकाश धाव किंवा पूर्ण विश्रांती, अशी आखणी सर्वसाधारणपणे केली जाते. पूर्ण निजून राहणे हितावह नसते. त्यामुळे पाय जड वाटू लागतात व रक्तद्रवाचे आकारमान घटते.

सराव कमी होताच अनेकांना अस्वस्थता जाणवते. गुडघा, पोटरी किंवा टाच दुखल्याचा भास होतो. आपण मागे पडत आहोत असे वाटते. ही अवस्था बहुधा निरुपद्रवी असते. ती घालविण्यासाठी शेवटच्या आठवड्यात ३० किमी.ची ‘खातरजमा’ करून पाहणे हा सर्वांत घातक प्रमाद होय, कारण इतक्या लांब धावेने स्नायुतंतूंना होणारी सूक्ष्म इजा भरून येण्यास आठवड्याहून अधिक काळ लागतो.

ऊर्जासाठा : धावताना दर किमी.ला शरीराच्या प्रत्येक किग्रॅ. वजनामागे सु. १ किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. म्हणजे ६० किग्रॅ. वजनाच्या धावपटूस संपूर्ण मॅराथॉनसाठी सु. २,५०० किलोकॅलरी लागतात. ही ऊर्जा वसा (चरबी) व ग्लायकोजेन (ग्लुकोजापासून बनलेले, स्नायू व यकृत यांत साठविले जाणारे कार्बोहायड्रेट) यांपासून मिळते. वसेचा साठा कृश माणसातही विपुल असतो. पण तिच्यापासून ऊर्जा संथपणे मिळते व त्यासाठी ऑक्सिजन अधिक लागतो. वेगाने धावण्यास ग्लायकोजेनच हवे असते आणि त्याचा साठा स्नायूंत ४०० ते ५०० ग्रॅ. व यकृतात सु. १०० ग्रॅ. एवढाच असतो. तो ३० ते ३५ किमी.च्या सुमारास संपत आला, की पाय एकाएकी शिशासारखे होतात, वेग कोसळतो, विचारही मंदावतो. धावपटू या अनुभवाला ‘भिंत’ म्हणतात.

स्वीडनमधील बेरिस्ट्रम व हुल्टमन या संशोधकांनी १९६६ मध्ये स्वतःवरच एक प्रयोग केला. एकाच सायकलयंत्रावर दोघांनी एकेका पायाने थकेपर्यंत श्रम केले; दुसरा पाय स्थिर ठेवला. पुढील तीन दिवस दोघांनी कार्बोहायड्रेटयुक्त आहार घेतला. मग सुईने स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासता श्रम केलेल्या पायात स्थिर पायाच्या सु. दुप्पट ग्लायकोजेन आढळले. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत वसा-प्रथिनयुक्त आहारावर सु. एक तास टिकणारे श्रम मिश्र आहारावर सु. दोन तास व कार्बोहायड्रेटयुक्त आहारावर पावणेतीन तासांच्या आसपास टिकले. या संशोधनावरून तीन दिवस कार्बोहायड्रेटे टाळणे व नंतरचे तीन दिवस ती भरपूर घेणे, अशी पद्धती रूढ झाली. ती अनुसरून ब्रिटिश धावपटू रॉन हिल याने १९६९ मध्ये ॲथेन्स येथे यूरोपीय अजिंक्यपद मिळविले.

तथापि या पद्धतीतील पहिले तीन दिवस क्लेशकारक असत. चिडचिड, निद्रानाश व अशक्तपणा येई. तो त्रास अनावश्यक असल्याचे १९८१ मधील अमेरिकन प्रयोगांनी दाखवून दिले : सराव क्रमाने घटवून केवळ शेवटचे तीन दिवस कार्बोहायड्रेटे वाढविली, तरी साठा जवळजवळ तेवढाच होतो. सरावलेल्या धावपटूंत विश्रांतीच्या एका दिवसातही स्नायू बव्हंशी भरून निघतात, असे २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात आढळले. म्हणून आज उपासमारीचा टप्पा वगळूनच मार्गदर्शन केले जाते. जुन्या पुस्तकांवरून तो अजूनही पाळणारे प्रशिक्षक आढळतात, ते योग्य नव्हे. ग्लायकोजेनाच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सु. ३ ग्रॅ. पाणी साठविले जात असल्याने या दिवसांत वजन एक-दोन किग्रॅ.ने वाढते. ही वाढ चरबीची नसते. तिला भिऊन जेवण कमी करू नये.

आहार : शेवटचे दोन-तीन दिवस प्रत्येक किग्रॅ. वजनामागे किमान ८ ते १० ग्रॅ. कार्बोहायड्रेटे पोटात जावीत, असे सुचविले जाते. ६० किग्रॅ. वजनाच्या धावपटूस हे प्रमाण दिवसाला ४८० ते ६०० ग्रॅ. पडते. महाराष्ट्रीय स्वयंपाकात ते परके पदार्थ न आणता साधता येते : दिवसभरात ३०० ग्रॅ. तांदळाचा भात, १०० ग्रॅ. पोहे, चार केळी, ३०० ग्रॅ. उकडलेले बटाटे व ५० ग्रॅ. गूळ यांतून सु. ५०० ग्रॅ. कार्बोहायड्रेटे मिळतात. सोबत वरण व ताक असावे, तेल-तूप बेताचे.

विदर्भातील धावपटूंच्या नित्याच्या आहारातील ज्वारीची भाकरी एरवी उत्तम. मात्र ज्वारीत तांदळाच्या तिपटीहून अधिक तंतू असतात. लांब धावताना आतड्यांकडील रक्तपुरवठा घटतो व तंतुमय अन्न पोटात राहिल्यास कळा किंवा शौचाची भावना निर्माण होते. म्हणून शेवटचे दीड-दोन दिवस भाकरी, मटकीची उसळ, कोबी, वांग्याची झणझणीत भाजी हे पदार्थ वगळून भात किंवा पोळी घ्यावी. मुंबई मॅराथॉन साधारणपणे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होत असल्याने मकरसंक्रांत शर्यतीच्या आठवड्यातच येते. तिळगुळाचा लाडू गोड असल्यामुळे तो ऊर्जेचा साठा वाढवील, असा समज आढळतो. तिळाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलाचा असतो. एखाद्या लाडवाने सण साजरा व्हावा, साठ्यासाठी मात्र भातच खरा. मधुमेही धावपटूंनी वरील प्रमाणे वैद्यकीय सल्ल्याशिवाय स्वीकारू नयेत.

पाणी व मीठ : यासंबंधीचे मत शतकभरात दोन टोकांकडे झुकले. सेंट लूइस ऑलिंपिकमधील (१९०४) शर्यतीत संपूर्ण मार्गावर पाण्याची सोय नाममात्र होती. विजेत्या टॉमस हिक्स याला त्याच्या साहाय्यकांनी स्ट्रिक्नीन हे विष ब्रँडीबरोबर उत्तेजक म्हणून पाजले होते. पुढे निर्जलीभवनाच्या भीतीने शक्य तितके पाणी प्यावे असा उपदेश रूढ झाला. त्याचाही धोका २००२ च्या बॉस्टन मॅराथॉनमध्ये दिसून आला. तेथील ४८८ धावपटूंच्या रक्ततपासणीत १३ टक्के धावपटूंची सोडियमाची पातळी प्रमाणापेक्षा घटलेली आढळली. पाणी अतिरेकी प्याल्याने रक्त पातळ होऊन मेंदूला सूज येते व क्वचित मृत्यूही ओढवतो. शेवटच्या दिवसांत तहानेनुसार पाणी प्यावे व मूत्राचा रंग फिकट पिवळा राहील एवढे पाहावे. जेवणातील मीठ कमी करू नये. लिंबू-मीठ-साखरेचे सरबत एखाद-दोनदा घेणे पुरेसे असते.

प्रवास व श्रम : मॅराथॉनविषयीची बहुतेक पुस्तके शहरी वाचक गृहीत धरतात. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या गावातून मुंबईला शर्यतीसाठी निघणाऱ्या तरुणाचे प्रश्न निराळे असतात. जानेवारीत रब्बीचा हरभरा व गहू शेतात उभा असतो आणि कृषिपंपांना अनेकदा वीज रात्रीच मिळत असल्याने पाणी देण्यासाठी रात्री जागाव्या लागतात. ‘विश्रांती’चा अर्थ केवळ न धावणे असा घेतला, तर दिवसा सराव बंद आणि रात्री गुडघाभर चिखलात दारे धरणे, असे घडते. अशा धावपटूच्या बाबतीत शेवटच्या चार-पाच रात्रींचे पाणी घरातील दुसऱ्या कोणी सांभाळणे हाच तयारीचा सर्वांत मोलाचा भाग ठरतो. बक्षिसाच्या रकमेवर पुढील हंगामाचा खर्च अवलंबून असेल, तर घरच्यांनी ही गोष्ट श्रमाइतकीच गंभीरपणे घ्यावयास हवी.

मुंबईचे अंतर चारशे किमी.हून अधिक आहे. मेहकरजवळून जाणाऱ्या व २०२५ मध्ये पूर्ण झालेल्या समृद्धी महामार्गाने किंवा जालन्याहून रेल्वेने हा प्रवास होतो. रात्रभर बसून येणे व पहाटे शर्यतीस उभे राहणे टाळावे. बराच काळ पाय लोंबकळत राहिल्याने पोटऱ्यांत द्रव साचतो व झोप बुडते. मोठ्या शर्यतींत क्रमांकपट्टी शर्यतीच्या दिवशी दिली जात नसल्याने, शुक्रवारी दिवसा पोहोचणे सर्वांत सोयीचे. झोपेच्या दृष्टीने शुक्रवारची रात्र महत्त्वाची. शनिवारी रात्री उत्सुकतेने झोप लागली नाही तरी एका रात्रीच्या जागरणाने सहनशक्तीवर फारसा परिणाम होत नाही, हे धावपटूस अगोदरच सांगून ठेवावे.

हवामानातील फरक दोन दिवसांत भरून निघत नाही. पठारावरील कोरड्या थंडीत सराव केलेल्यास मुंबईचा दमटपणा जाचतो, कारण घाम सुकत नाही आणि सुकल्यावाचून तो शरीर थंड करू शकत नाही. दमट उष्म्याची सवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढी सवड नसेल, तर नियोजित वेग आधीच थोडा कमी धरणे हाच उपाय होय.

साहित्य : नवे बूट, नवे मोजे, नवा पोशाख शर्यतीत वापरू नये, बूट किमान दोन-तीन लांब सरावांत वापरलेले असावेत. शिवनाथ सिंग हे अनवाणी धावत व १९७८ मध्ये जालंधर येथे त्यांनी नोंदविलेला २ तास १२ मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ अबाधित राहिला. पण त्यांचे तळवे वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार झालेले होते. अनवाणी सराव केलेल्या ग्रामीण धावपटूस हितचिंतकांनी आयत्या वेळी दिलेले भारी बूट अनेकदा फोडच देऊन जातात. नखे चार दिवस आधी कापावीत. काखा व जांघा यांना व्हॅसलिन लावावे.

आजार : ताप, अंगदुखी, छातीत कफ किंवा जुलाब यांपैकी काहीही शर्यतीच्या आठवड्यात उद्भवल्यास शर्यत सोडून द्यावी. विषाणुजन्य तापात हृदयस्नायूस दाह झालेला असू शकतो आणि अशा स्थितीत दीर्घ श्रम केल्यास हृदयाची लय बिघडून प्राण जाऊ शकतो. साध्या सर्दीत तेवढा धोका नसतो. वेदनाशामक गोळ्या घेऊन धावण्याची प्रथा सर्वथा त्याज्य होय. आयबुप्रोफेनसारख्या औषधांनी मूत्रपिंडांकडील रक्तप्रवाह घटतो व घामाने आधीच कमी झालेल्या रक्तद्रवात त्यांचा अपाय वाढतो.

शर्यतीची सकाळ : यकृतातील ग्लायकोजेन रात्रीच्या उपवासाने बरेचसे संपते, म्हणून आरंभापूर्वी दोन-तीन तास हलका आहार आवश्यक असतो. गुळाचा शिरा, गूळ-पोळी किंवा केळी व ब्रेड यांपैकी सरावात वापरून पचलेला पदार्थ निवडावा. साबुदाण्याची खिचडी शेंगदाणे व तुपामुळे जड पडते. चहाची सवय असणाऱ्याने तो घ्यावा. मुंबईची शर्यत पहाटे सुरू होत असल्याने त्यासाठी दोन-अडीचला उठावे लागते. शेवटच्या आठवड्यात रोज अर्धा तास लवकर निजून ही सवय करता येते. आरंभापूर्वी दहा-पंधरा मिनिटे चालणे व सावकाश धावणे एवढेच पुरे. पहिले पाच किमी. नियोजित वेगापेक्षा किंचित संथ धावण्याचे आदल्या रात्रीच ठरवून ठेवावे, कारण मुंबईत पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर पुन्हा लागतो.