खडपावरची गरी आणि लाकडी मासा



चतुर्थीच्या सुट्टीत आमच्या नववीतील दोन विद्यार्थी खडपावर मासे गरवायला गेले आणि त्यांतील एकाला लाटेने खाली ओढले. शेजारीच गरी टाकून बसलेल्या एका काकांनी आपला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन बूच लावून पाण्यात फेकला. मुलगा त्याला धरून तरंगत राहिला आणि होडीवाल्यांनी त्याला बाहेर काढले. कालवांनी तळवे आणि गुडघे सोलवटले, एवढ्यावर निभावले. नंतर वर्गात बोलताना लक्षात आले, की रॉड, रीळ आणि 'लूर' यांची माहिती मुलांना आमच्यापेक्षा जास्त आहे. खडपाची मात्र नाही. म्हणून हा लेख.

पूर्वी आपल्याकडे गरीला सुंगट किंवा तारल्याचा तुकडा लावत. लूर म्हणजे लाकडाचा, धातूचा किंवा प्लॅस्टिकचा खोटा मासा. त्याला वास नाही, चव नाही; तरी मासा फसतो तो त्याच्या चालीला. फिनलंडमधील लौरी रापाला हा मच्छीमार तळ्यात मासे धरताना पाहत असे, की मोठा मासा थव्यातील जखमी, लंगडत पोहणाऱ्या माशावरच आधी झडप घालतो. १९३६ साली त्याने बुचाच्या झाडाची साल तासून तसा डुलणारा मासा बनवला. त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि रोगण मिळेना म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरून लेप दिला! आज दुकानात मिळणाऱ्या कित्येक लुरांचे मूळ तिथे आहे.

अशा लुराच्या तोंडाशी तिरकी पट्टी असते. दोरा ओढला की पाणी या पट्टीवर आदळते, लूर खाली बुडतो आणि डावी-उजवीकडे हलतो. पट्टी मोठी असेल तर तो सहसा अधिक खोल जातो. माशाच्या दोन्ही कुशींवर एक रेघ असते, तिच्यातून त्याला पाण्याची थरथर कळते. त्यामुळे गढूळ पाण्यातही तो लुराचा माग काढतो. अनुभवी माणूस रीळ सारखे फिरवत नाही. थोडे ओढतो, थांबतो, पुन्हा ओढतो. पुष्कळदा झडप त्या थांबण्यावरच पडते. लूर फेकायचा तो लाट फुटून पांढरा फेस होतो त्याच्या कडेला, कारण लहान मासे तिथे गडबडतात आणि शिकारी मासे फेसाच्या आडोशाला टपून असतात.

नदीच्या मुखाजवळच्या खडपांवर चणक मिळते आणि ती सर्वांना हवी असते. चणक साधारणपणे आधी नर असते आणि काही वर्षांनी, मोठी झाल्यावर मादी होते. म्हणजे फोटोसाठी उचलून धरलेली भलीमोठी चणक बहुधा अंडी घालणारी मादी असते. (गोबऱ्याचे नेमके उलटे, तो आधी मादी असतो.) म्हणून खूप मोठी चणक सोडून द्यावी, असे आमचे मत आहे. घरातल्यांची समजूत कशी काढायची, हे मात्र आम्ही सांगू शकत नाही. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून ठेवला, तर मासा लवकर सुटतो, आणि आपल्या बोटात रुतलेला गळही.

आता समुद्राकडे येऊ. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ कळते, हा कोकणातला जुना हिशेब. अष्टमीला सहाच्या सुमारास. आपल्या गोव्यात भरती त्याहून सुमारे तासभर आधी येते. आजोबांना विचारा, अनेकांना हा हिशेब तोंडपाठ असतो. पण भरतीची वेळ कळली म्हणजे लाट कळली, असे नाही. दूर दक्षिणेकडील हिंदी महासागरात वादळ झाले, की त्याच्या लाटा काही दिवसांनी आपल्याकडे पोहोचतात. आकाश निरभ्र, वारा नाही, आणि लहान लाटांनंतर अचानक तीन-चार मोठ्या लाटा येतात. हैदराबादची 'इनकॉइस' ही संस्था अशा लाटांचे इशारे देते. निघण्यापूर्वी ते पाहावेत.

खडपावर उतरण्याआधी निदान वीस मिनिटे वर उभे राहून पाहा. ओला खडक म्हणजे तिथवर लाट पोहोचते. जांभ्यावरचे हिरवे-काळे शेवाळ चपलेला दाद देत नाही. मासा अडकला तरी समुद्राकडे पाठ करू नका आणि खडकात अडकलेला लूर सोडवायला खाली उतरू नका. शे-दोनशे रुपयांचा लूर गेला तर जाऊ द्या. आमचा विद्यार्थी त्यासाठीच उतरला होता. पाण्यात पडलात तर लगेच खडकाला धरू पाहू नका, पुढची लाट त्यावरच आपटते. खडकापासून दूर सरका, पाठीवर तरंगा, मदतीची वाट पाहा. वर असलेल्याने उडी मारू नये. दोरी किंवा बंद कॅन फेकावा आणि ११२ ला फोन करावा.

जूनपासून पावसाळा सरेपर्यंत शाळेच्या निसर्ग मंडळाची खडपावरची भेट होणार नाही. त्यानंतरच्या भेटीसाठी विश्वस्त मंडळाने सहा तरंगती जाकिटे आणि एक लांब दोरी घेऊन द्यावी, अशी आमची विनंती आहे. कॅन आमच्याकडे आहे. त्या काकांनी तो परत घेतला नाही.