निळ्या पेट्रोलची पन्नास वर्षं

जुन्या सेसना १५० च्या कॉन्टिनेन्टल ओ-२०० इंजिनाचे खालचे प्लग काढले, की सिरॅमिकच्या नाकाभोवती शिशाचे बारीक राखाडी मणी अडकलेले दिसतात. हे इंजिन घडलं ते लाल रंगाच्या ८०/८७ पेट्रोलवर. त्यात गॅलनमागे फार तर अर्धा मिलिलिटर टेट्राएथिल लेड असे. सत्तरच्या दशकात लाल आणि हिरवं अशी दोन पेट्रोलं सांभाळणं तेल कंपन्यांना जड होऊ लागलं आणि निळं १०० लो-लेड आलं. हिरव्यातल्या चार मिलिलिटरच्या मानाने त्यात शिसं निम्मं, पण लालवर चालणाऱ्या लहान इंजिनांच्या वाट्याला मात्र चौपट. सोय रिफायनऱ्यांची झाली, निस्तरायचं वैमानिकाने!

टेट्राएथिल लेडचा नॉकिंग रोखण्याचा गुण थॉमस मिजलीने १९२१ मध्ये शोधला. त्यातलं शिसं सिलिंडरात साचू नये म्हणून एथिलीन डायब्रोमाइड घालतात. डायब्रोमाइडमधलं ब्रोमीन शिशाला धुराबरोबर बाहेर नेतं. त्यासाठी प्लगचं टोक साधारण ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवं. मिक्श्चर फुल रिच आणि आरपीएम सातशे-आठशे ठेवून टॅक्सी करत राहिलं, तर ते तापत नाही. शिसं चिकटतं, ठिणगीला आडवाट मिळते आणि उड्डाणापूर्वीच्या मॅग्नेटो तपासणीत इंजिन मिसिंग करतं.

सेसनाने १९७७ मध्ये १५२ आणलं ते निळ्या पेट्रोलसाठीच, लायकमिंग ओ-२३५ बसवून. त्याचेही प्लग भरू लागले! मग पुढे आलेल्या नाकाचा आरईएम ३७ बीवाय प्लग कामी आला. पण खरा उपाय फुकटातला आहे: जमिनीवर १२०० आरपीएम, मिक्श्चर लीन आणि बंद करण्याआधी १८०० वर १५ ते २० सेकंद. लीनच राहून कुणी उड्डाण करील, या धास्तीने कित्येक प्रशिक्षक अजूनही विद्यार्थ्याला मिक्श्चरच्या लाल मुठीला हात लावू देत नाहीत. मला हे पटत नाही. थ्रॉटल देताच इंजिन अडखळेल इतकं लीन केलं, तर विसरायची सोयच उरत नाही.

शिशापासून सुटका मात्र अजून झालेली नाही. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्यात विमानाचं पेट्रोल बनवायला घेतलं, तेही १०० लो-लेडच. तिकडे नॉर्थ डकोटा विद्यापीठाने २०२३ मध्ये बिनशिशाचं ९४ ऑक्टेन वापरून पाहिलं. काही महिन्यांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट झिजलेल्या आढळल्या आणि त्याच वर्षी विमानं पुन्हा निळ्यावर आली.