पाय बरा झाला, मनाचं काय?

कबड्डीची प्रॅक्टिस सुरू असते. चढाई करून मध्यरेषेकडे वळताना गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होतो आणि तुम्ही तिथेच खाली बसता. एमआरआयच्या रिपोर्टवर ‘एसीएल टेअर’ लिहिलेलं असतं. ऑपरेशन होतं. पहिला आठवडा सगळे भेटायला येतात, ब्रेस बांधलेल्या पायासोबत सेल्फी निघतात. मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सुरू होतात. टीम निघून जाते आणि तुम्ही पाय उशीवर ठेवून तिच्या स्टोरीज बघत बसता. शेवटी ग्रुप म्यूट करता.

खरी गोची पुढे होते. काही महिन्यांनी फिजिओ म्हणतात, ‘आता हळूहळू जॉगिंग सुरू करू.’ आणि तुम्हीच टाळता. आज पाऊस आहे, उद्या सबमिशन आहे. घरचे म्हणतात, आळस अंगात मुरलाय. तुम्हालाही ते पटायला लागतं.

पण हा आळस नसतो. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलंय की, आतून येणारी इच्छा तीन गोष्टींवर जगते : निर्णय आपल्या हातात असणं, ‘मला हे जमतं’ ही खात्री आणि आपली माणसं. दुखापत या तिन्हींवर एकदम घाव घालते. कधी खेळायचं हे डॉक्टर ठरवतात, काल सहज उडी मारणारा पाय आज जिना चढताना थरथरतो आणि टीम तुमच्याशिवाय खेळत असते. त्यात भीती असतेच, ‘पुन्हा तसंच झालं तर?’ मग इच्छा उरणार कुठून? म्हणून ‘मन खंबीर ठेव’ हे ऐकून काही होत नाही. गेलेल्या तीन गोष्टी एकेक करून परत आणाव्या लागतात.

‘जमतं’ ही खात्री आकड्यांनी येते. ऑपरेशननंतर मांडीचे स्नायू झपाट्याने बारीक होतात. तेव्हा जुन्या स्वतःशी तुलना कराल तर रोज हराल. वहीत लिहा : गुडघा किती अंशात वाकला, एका पायावर किती सेकंद उभं राहता आलं. तुलना फक्त मागच्या आठवड्याशी.

निर्णय हातात घ्यायचा तर फिजिओंना प्रश्न विचारा. हा व्यायाम कशासाठी? कोणतं दुखणं चालेल, कोणत्या दुखण्याला थांबायचं? कारण कळलं की तोच कंटाळवाणा व्यायाम आपला वाटतो.

आणि ग्राउंडवर जा. खेळता येत नसेल तर गुण लिहा, प्रतिस्पर्ध्याच्या चढाया टिपून ठेवा, ज्युनिअर्सना पकड शिकवा. पहिल्या दिवशी पोटात कालवतं. तरी जा.

घाई मात्र नको. एसीएलच्या ऑपरेशननंतर नऊ महिन्यांच्या आत स्पर्धेत उतरणाऱ्यांना पुन्हा दुखापतीचा धोका जास्त असतो. नीरज चोप्रा आठवा. मे २०१९ मध्ये मुंबईत त्याच्या उजव्या कोपरावर, म्हणजे भाला फेकणाऱ्या हातावरच, शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षीची दोहाची जागतिक स्पर्धा हुकली. जानेवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्याने ८७.८६ मीटर भाला फेकला आणि ऑलिम्पिकचं तिकीट मिळवलं. ७ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत सुवर्णपदक आलं, ८७.५८ मीटरवर. आपल्याला टोकियो लक्षात राहतं. पण त्याआधी एक अख्खा सीझन त्याने बाहेर बसून काढला होता.

अर्थात, त्याच्यामागे डॉक्टर-फिजिओंची फौज होती. तुमच्यामागे कदाचित आई आणि एक रूममेट असेल. मग त्यांना सांगा की भीती वाटतेय. ‘कंटाळा आलाय’ म्हणू नका, खरं कारण सांगा. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर कॉलेजच्या समुपदेशकांना भेटा.

आणि समजा, कबड्डी परत जमलीच नाही? वाईट वाटेल, वाटू द्या. पण पोहणं आहे, सायकल आहे, ट्रेक आहे. एक खेळ सुटला म्हणून विसाव्या वर्षी शरीर हलवणंच सोडून देणं, हे त्या ‘कट्’ आवाजापेक्षा मोठं नुकसान आहे.

माळ्यावर टाकलेले शूज आज खाली काढा. धावायचं नंतर बघू. आधी घालून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या.